सेन्सर कंपनीचा, तळे आपले. मग डेटा कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. खाद्य विकणारी एक मोठी कंपनी मत्स्यशेतीच्या दहा तळ्यांवर ऑक्सिजनचे सेन्सर, ऑटोफीडर (आपोआप खाद्य टाकणारे यंत्र) आणि मोबाइल ॲप स्वतःच्या खर्चाने बसवून द्यायला तयार आहे. बदल्यात तीन वर्षे खाद्य तिचेच घ्यायचे, हंगामाचे कर्ज तिच्याच ॲपवरून उचलायचे आणि तयार मासळी घेण्याचा पहिला हक्क तिला द्यायचा. करारात डेटाबद्दल एकच ओळ आहे: 'प्रणालीत तयार होणारी सर्व माहिती कंपनीच्या मालकीची राहील.' हे घ्यावे का, आणि घेतले तर काय सांभाळावे?

यंत्रणा घ्यायला हरकत नाही. ती ओळ मात्र तशीच ठेवून सही करू नका. आणि सहीच्या आधी तीन आकडे, म्हणजे तळ्यातल्या माशांची संख्या, त्यांचे सरासरी वजन आणि रोज प्रत्यक्ष पडलेले खाद्य, कंपनीच्या ॲपला हात न लावता स्वतः काढता आणि लिहून ठेवता येतील अशी सोय करा. भाव ठरवायच्या दिवशी, कर्ज फेडायच्या दिवशी आणि वाद झालाच तर त्या दिवशी सगळे याच तीन आकड्यांवर येऊन थांबते.

कंपनीला नेमके काय कळते

सेन्सर बसवण्याआधीच खाद्यविक्रेत्याला तुमच्या पिकाचा बराच अंदाज असतो. समजा, बीज सोडल्यापासून आजवर एका तळ्यासाठी २४ टन खाद्य उचलले. तिलापिया किंवा पांगसचा एफसीआर, म्हणजे एक किलो वाढीला लागणारे किलो खाद्य, साधारण १.५ ते १.८ असतो, १.६ धरला तर १५ टन वाढ झाली. सोडलेल्या बोटुकलीचे वजन त्यात मिळवा, झाला हिशेब. पावतीपुस्तकातून एवढे निघते. सेन्सर, फीडर आणि ॲप आले की या अंदाजाला वेळेची जोड मिळते, आणि सौद्यात तीच भारी पडते.

एखाद्या तळ्याचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. पहाटे पाच वाजताचा ऑक्सिजन लिटरमागे ४.८ मिलिग्रॅमवरून ३.१ वर उतरला आहे. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्री सहा तास चालायचे ते आता अकरा तास चालतात. खाद्य उचलण्याचे प्रमाण दहा टक्क्यांनी घटले आहे. माशांचे सरासरी वजन विक्रीच्या मापाला आलेले आहे, आणि कर्जाचा हप्ता बारा दिवसांवर आहे. यातली प्रत्येक नोंद वेगळी पाहिली तर किरकोळ. पाचही एकाच पडद्यावर दिसल्या की खरेदी विभागाला कळते: हे तळे आठवडाभरात काढावेच लागणार, या शेतकऱ्याला थांबणे परवडणार नाही. मग गाडी दोन दिवस उशिरा पाठवली किंवा प्रतवारी अर्धी पायरी खाली लावली तरी तो माल देणारच. यासाठी कोणी खोटे बोलावे लागत नाही.

उलट बाजूने तुम्हाला काय दिसते? या आठवड्यात आसपासची किती तळी काढणीला आली आहेत, प्रक्रिया कारखान्यात किती जागा शिल्लक आहे, कंपनीच्या हातात किती मालाची ऑर्डर आहे, शेजाऱ्याला काय भाव दिला. यातले काहीच नाही. तंत्रज्ञानाचा दोष इथे नाही. खाद्य विकणारा, कर्ज देणारा, मोजणारा आणि माल घेणारा एकच असणे ही खरी अडचण आहे. हेच सेन्सर खरेदी-विक्रीशी संबंध नसलेल्या कोणाकडून विकत घेतले असते, तर या उत्तराचा निम्मा भाग लिहावाच लागला नसता.

ही रचना नवी नाही आणि एका कंपनीपुरतीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचे उत्पादन ९.४४ कोटी टनांवर गेले आणि पहिल्यांदाच ते पकडलेल्या मासळीच्या पुढे गेले. एवढ्या मोठ्या धंद्याच्या वरच्या टोकाला मात्र गर्दी कमी आहे. सॅमनच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. उत्पादन खर्चाचा सुमारे निम्मा भाग खाद्याचा, आणि ते खाद्य बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१५ मध्ये कारगिलने खाद्य बनवणारी ईवॉस सुमारे १.३५ अब्ज युरोला घेतली; त्याच वर्षी स्क्रेटिंग या दुसऱ्या खाद्यकंपनीची मालक न्यूट्रेको ही डच समूह एसएचव्हीकडे गेली. सर्वांत मोठी सॅमन उत्पादक मोवी, जिचे नाव तेव्हा मरीन हार्वेस्ट होते, तिने २०१४ मध्ये नॉर्वेत खाद्याचा स्वतःचा कारखाना सुरू केला. बीजाचे तेच. तिलापियाची 'गिफ्ट' जात १९८८ पासून फिलिपिन्समध्ये सार्वजनिक पैशातून विकसित झाली. १९९९ मध्ये तिच्या पुढच्या पैदाशीचे व्यापारी हक्क जेनोमार या नॉर्वेजियन कंपनीकडे गेले. आज जेनोमार आणि सॅमनची अंडी पुरवणारी ॲक्वाजेन या दोन्ही एकाच जर्मन समूहात, ईडब्ल्यू ग्रुपमध्ये आहेत. डेटाचा थर यावर चढला तो नंतर. आक्वा ग्रुप पिंजरे आणि खाद्ययंत्रणा विकते, तसेच फिशटॉक हे नोंदींचे सॉफ्टवेअरही विकते. ॲक्वाबाइट पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून माशांचे वजन आणि त्यांच्या अंगावरच्या उवा (परजीवी) मोजते. गुगलची मालक अल्फाबेट हिच्या प्रयोगशाळेत सुरू झालेला टायडल प्रकल्प २०२४ मध्ये स्वतंत्र कंपनी झाला.

मोजमापाच्या माहितीला बाजारात किती किंमत असते याचा अंदाज एका चौकशीवरून येतो. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमन कंपन्यांच्या कार्यालयांची झडती घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये सहा नॉर्वेजियन कंपन्यांना आक्षेपपत्र दिले. २०११ ते २०१९ या काळात भाव, उपलब्ध माल, विक्री, उत्पादन आणि उत्पादनक्षमता यांची संवेदनशील माहिती त्यांनी आपसात वाटली, असा आक्षेप होता. आक्षेपपत्र हा प्राथमिक टप्पा असतो, त्यावरून दोष सिद्ध होत नाही, आणि कंपन्यांनी तो नाकारला आहे. पण आक्षेपाचा विषय पाहा: कोणाकडे किती माल केव्हा तयार आहे. दहा तळ्यांचा शेतकरी ॲपमधून रोज रात्री तेच कळवत असतो.

ॲपमधले वजन मोजलेले असते की गृहीत धरलेले

हा भाग नीट समजून घ्या, कारण पैसे सर्वांत जास्त इथेच जातात.

पिंजऱ्यात, स्वच्छ पाण्यात, दोन भिंगांचा कॅमेरा माशाची लांबी आणि उंची मोजून त्यावरून वजन काढतो. वजन लांबीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून लांबीत तीन टक्के चूक झाली तर वजनात नऊ टक्क्यांची होते आणि पाच टक्के झाली तर जवळपास सोळा टक्क्यांची. शिवाय कॅमेऱ्यासमोर कोणते मासे येतात हा प्रश्न राहतोच. लहान, आजारी किंवा दबून राहिलेले मासे वेगळ्या खोलीवर असतात आणि मोजणीतून सुटतात.

हिरव्या पाण्याच्या तळ्यात कॅमेरा चालतच नाही, कारण हातभर अंतरावरचे दिसत नाही. मग ॲपमध्ये बायोमासचा, म्हणजे तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाचा, आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा तो हिशेबाने काढलेला असतो: सोडलेली संख्या, गृहीत मरतूक, पडलेले खाद्य आणि गृहीत एफसीआर. त्यावरून वाढ काढतात आणि त्या वाढीने खाद्याला भागून पुन्हा एफसीआर दाखवतात. म्हणजे जो आकडा आधी धरला, तोच निकाल म्हणून पडद्यावर येतो. ॲपमध्ये हंगामभर १.५५ एफसीआर सरळ रेषेत दिसत असेल तर खूश होण्याआधी विचारा की हे वजन मोजले कधी आणि कोणी. खऱ्या तळ्याचा आलेख इतका गुळगुळीत नसतो.

आता या चुकीचा पैशातला अर्थ पाहा. ५०,००० मासे, खरे सरासरी वजन ४०० ग्रॅम, म्हणजे २० टन. रोज दोन टक्के खाद्य, म्हणजे ४०० किलो. वजन नऊ टक्के जास्त धरले गेले की फीडर ४३६ किलो टाकतो. रोजचे ३६ किलो जादा. साठ दिवसांत दोन टनांच्या वर. यातले काही मासे खातात, काही तळाला कुजते. ३० टक्के प्रथिनांच्या ३६ किलो खाद्यातून साधारण एक किलो अमोनिया-नायट्रोजन रोज पाण्यात येते. दीड मीटर खोल, एक हेक्टरच्या तळ्यात ते लिटरमागे ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास बसते. शेवाळ त्यातले बरेच उचलते, म्हणून आठवडाभर काही जाणवत नाही. ढगाळ दिवस लागून आले, शेवाळ खाली बसले, की साठलेले सगळे एकदम वर येते आणि त्याच रात्री ऑक्सिजनही पडतो. दोष हवामानावर जातो.

काढणीच्या दिवशी दुसरा फटका. ॲप म्हणते २१.८ टन, काट्यावर भरतात २०. कर्ज ॲपच्या आकड्यावर मंजूर झालेले, विक्रीचे वचनही त्याच आकड्यावर दिलेले. उरलेले १.८ टन गेले कुठे? कंपनीच्या नोंदीनुसार उत्तर दोनच: मरतूक लपवली किंवा माल बाहेर विकला. मोजमाप चुकले असेल हे तिसरे उत्तर सिद्ध करायला तुमच्याकडे स्वतःची वही लागते, आणि ती बोटुकली सोडल्याच्या दिवसापासूनची लागते. हंगाम संपल्यावर लिहिलेली वही कोणी धरत नाही.

कंपनी मुद्दाम फसवते असे मी म्हणत नाही. पण खाद्य विकून नफा कमावणाऱ्याच्या यंत्राने खाद्य किती टाकायचे हे ठरवावे, ही रचनाच तपासून घेण्यासारखी आहे. फीडरचे गणित कशासाठी बसवले आहे हे थेट विचारा: सर्वांत वेगवान वाढीसाठी, सर्वांत कमी एफसीआरसाठी, की किलोमागे सर्वांत कमी खर्चासाठी? या तिन्हींना खाद्याची मात्रा वेगवेगळी लागते.

स्वतःची वही

संख्या पहिल्या दिवशी पक्की करा. बीजाच्या पिशव्यांवरच्या आकड्यावर विसंबू नका. तीन वेगवेगळ्या पिशव्यांतून नमुना घ्या, प्रत्येक नमुन्याचे वजन करा, मासे मोजा, किलोमागे किती नग बसतात ते काढा आणि एकूण वजनाला गुणा. तीन नमुन्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर बीज एकसारखे नाही. आणखी दोन नमुने घ्या. त्यानंतर मेलेले मासे रोज मोजायचे आणि लिहायचे. तळाशी राहणारे आणि पक्ष्यांनी उचललेले मोजणीत येत नाहीत, म्हणून वर आलेल्यांपेक्षा खरी मरतूक नेहमी जास्त धरावी.

वजनाचे सॅम्पलिंग दर पंधरा दिवसांनी, सकाळचे खाद्य पडण्याआधी, पोट रिकामे असताना. फेक जाळे किमान पाच ठिकाणी टाका, आणि फीडरच्या समोर टाकू नका. मोठे मासे तिथे आधी येतात आणि सरासरी फुगते. निदान १०० मासे हवेत. माशामाशांतला वजनाचा फरक सरासरीच्या २५ टक्के असेल, आणि तळ्यात साधारण तेवढा असतोच, तर १०० माशांच्या सरासरीत पाच टक्के इकडेतिकडे धरावे लागते. ४०० मासे मोजले तर ते अडीच टक्क्यांवर येते. काढणीच्या आधीचे शेवटचे सॅम्पलिंग म्हणूनच मोठे घ्या. ओल्या जाळीचे आणि बादलीचे वजन दर खेपेला वजा करा. पाणी निथळू न देता तोललेली टोपली चार-पाच टक्के सहज वाढवून दाखवते.

खाद्याचे मोजमाप सर्वांत सोपे आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही. बहुतेक ऑटोफीडर खाद्य तोलत नाहीत. स्क्रू किंवा चकती किती सेकंद फिरली हे मोजतात आणि सेकंदाला अमुक ग्रॅम धरून किलो सांगतात. दाण्याचा आकार बदलला, नवा लॉट आला, दमट हवेत भुकटी वाढली, की सेकंदामागचे ग्रॅम बदलतात. सेटिंग १०० ग्रॅमचे आणि प्रत्यक्षात ९२ पडत असतील तर ॲपमध्ये ४०० किलोची नोंद होते आणि तळ्यात ३६८ जातात. तपासणी पाच मिनिटांची आहे: फीडरच्या तोंडाखाली पोते धरा, ६० सेकंद चालवा, तोला, असे तीनदा. दाण्याचा आकार बदलेल तेव्हा आणि एरवी महिन्यातून एकदा. याशिवाय रिकाम्या झालेल्या पोत्यांची मोजणी आठवड्याला ॲपच्या बेरजेशी ताडा. तीन टक्क्यांहून जास्त तफावत आली तर फीडर पुन्हा जुळवा आणि तफावत तारखेसह लिहून कंपनीला कळवा. हे लेखी कळवणे पुढे उपयोगी पडते.

ऑक्सिजनसाठी हातात धरायचा एक मीटर स्वतःचा हवाच. पहाटे पाच आणि दुपारी तीन, अशा दोन वेळा आठवड्यातून दोन दिवस कंपनीच्या सेन्सरच्या शेजारी, त्याच खोलीवर धरून पाहा. फरक अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेला की कारण शोधायचे. ते बहुधा चारांपैकी एक निघते. सेन्सरच्या टोपीवर शेवाळ चढले असेल. ते रात्री स्वतःच ऑक्सिजन खाते आणि दिवसा सोडते, म्हणून वाचन दोन्ही बाजूंना ताणले जाते. गरम, हिरव्या पाण्यात दर दोन-तीन दिवसांनी मऊ कापडाने पुसावे लागते. सेन्सर एरेटरच्या झोतात बसवला असेल, तर तो तळ्यातल्या सर्वांत चांगल्या कोपऱ्याचा आकडा सांगत राहतो. क्षारतेचे सेटिंग शून्यावर राहिले असेल: २८ अंशांना गोड्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन लिटरला ७.८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) पाण्यात ६.४ च्या आसपास, म्हणून खाऱ्या पाण्यात सेटिंग चुकले की वाचन पाचवा हिस्सा जास्त येते. नाहीतर ऑप्टिकल टोपीचे आयुष्य संपलेले असेल. ती वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागते. तिचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहिलेले असावे.

एक चाचणी यंत्रणा बसवणाऱ्या माणसासमोरच करून घ्या. गेटवेचे, म्हणजे वाचने नेटवर्कवर पाठवणाऱ्या पेटीचे, सिमकार्ड काढा आणि सेन्सर ताज्या पाण्यात न ठेवता सोडियम सल्फाइटच्या द्रावणात बुडवा, म्हणजे ऑक्सिजन शून्यावर येईल. एरेटर आपोआप सुरू झाला पाहिजे आणि जागेवरचा भोंगा वाजला पाहिजे. तो आदेश कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल, तर नेटवर्क गेलेल्या रात्री काहीच होणार नाही, आणि दाट साठवणुकीत एरेटर बंद राहिला तर दोन-तीन तासांत तळे जाऊ शकते. ऑक्सिजन चारच्या खाली गेला की एरेटर सुरू, हा निर्णय तळ्याकाठच्या पेटीतच व्हायला हवा. वर्गणी थकली किंवा करार मोडला तरी तो चालू राहिला पाहिजे. द्रावणानंतर सेन्सर स्वच्छ पाण्याने नीट धुवा.

जमले तर आरएस-४८५ वर मॉडबस (तारेवरून वाचन देण्याची खुली पद्धत) बोलणारे सेन्सर मागा. पण कंपनीच्या पेटीच्या तारेला समांतर स्वतःचा लॉगर (नोंदी साठवणारे यंत्र) जोडू नका; मॉडबसच्या एका तारेवर विचारणारा एकच असावा लागतो, दोन झाले की दोघांचेही वाचन बिघडते आणि दोष तुमच्यावर येतो. पेटीतून स्थानिक एमक्यूटीटीने (यंत्रांमध्ये संदेश पाठवण्याची पद्धत) किंवा दुसऱ्या आउटपुटने वाचन मिळावे, असे लिहून घ्या.

करारात काय बदलून घ्यायचे

'मालकी' या शब्दावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. कंपनीने मालकी तुम्हाला देऊन खाली 'अमर्याद, कायमचा वापर-परवाना' स्वतःकडे ठेवला तर हातात काही उरत नाही. कोण काय पाहू शकतो, कशासाठी वापरू शकतो, आणि तुम्हाला काय परत मिळते, यावर बोला.

सर्वांत महत्त्वाचे कलम वापराच्या हेतूचे. तळ्याची माहिती खाद्याचा सल्ला, यंत्रांची देखभाल आणि आजाराचा इशारा यांसाठीच वापरली जाईल. खरेदी विभाग, कर्ज विभाग आणि विमा कंपनी यांना ती शेतकऱ्याच्या प्रत्येक वेळच्या लेखी संमतीशिवाय दिसणार नाही. कंपनी हे सहजी मानणार नाही, कारण तिचा खरा फायदा इथेच आहे. निदान भाव ठरण्याची पद्धत बाहेरच्या, सर्वांना दिसणाऱ्या बाजारभावाला बांधून घ्या आणि मागणी नोंदवल्यापासून किती दिवसांत माल उचलायचा याची मर्यादा घाला. उशीर झाला तर रोजचे खाद्य आणि मरतूक कंपनीच्या खात्यावर. या एका वाक्याने वर सांगितलेली 'दोन दिवस उशिरा गाडी' बंद होते.

देणे-घेणे काट्यावरच्या वजनावर, ॲपच्या वजनावर नाही. वाद झाला तर दोघांच्या हजेरीत ४०० माशांचा नमुना, आणि तो अंतिम.

कच्चा डेटा दहा मिनिटांच्या अंतराने, सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) स्वरूपात, हवा तेव्हा उतरवता आला पाहिजे. आलेखाचे चित्र किंवा पीडीएफ म्हणजे कच्चा डेटा नव्हे. फीडरचे सेटिंग दुरून कोणी बदलले, किती वाजता, किती केले, याची नोंदही त्यातच हवी. ही नोंद लोक मागायला विसरतात आणि जास्तीचे खाद्य पडल्याच्या वादात तीच निर्णायक ठरते. 'ओळख काढून एकत्रित केलेला डेटा कंपनी कुठेही वापरू शकेल' हे वाक्य दिसले तर एकत्रित म्हणजे किमान किती शेतांचा, हे विचारा. परिसरात तीनच मोठी शेते असतील तर नाव काढून काही लपत नाही.

कंपनी विकली गेली, बंद पडली किंवा धंदा बदलला तर काय, हेही लिहा. इंडोनेशियातली ईफिशरी ऑटोफीडरपासून सुरू होऊन खाद्यपुरवठा, उधारी आणि मासळी खरेदीपर्यंत पसरली. २०२३ मध्ये तिचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या वर गेले. २०२४ च्या अखेरीस हिशेबातले उत्पन्न फुगवल्याचे प्रकरण बाहेर आले आणि कंपनी कोलमडली. अशा वेळी ज्याचा चार-पाच हंगामांचा इतिहास फक्त त्या सर्व्हरवर असेल, त्याला दुसऱ्या बँकेकडे दाखवायला काही राहत नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला फाइल उतरवून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवणे हे काम खाद्य टाकण्याइतकेच नियमित करा.

कायद्याचा आधार देशादेशांत वेगळा आहे. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जोडलेल्या यंत्रातून निघणारी माहिती वापरकर्त्याला मिळण्याचा आणि ती त्याच्या पसंतीच्या तिसऱ्याला द्यायला लावण्याचा हक्क त्यात आहे. त्याआधी २०१८ मध्ये तिथल्या शेतकरी संघटना आणि यंत्र उत्पादकांनी ऐच्छिक आचारसंहिता केली होती. माहिती जिथे जन्मते त्या शेताचा तिच्यावर पहिला अधिकार, हे त्यातले सूत्र. जिथे असा कायदा नाही तिथे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यावर भरवसा ठेवू नका. तळ्यातला ऑक्सिजन ही सहसा व्यक्तीची माहिती ठरत नाही. तिथे करार हाच आधार.

सगळीच माहिती दडवून ठेवावी असे मात्र नाही, आणि यावर माझे मत ठाम आहे. रोग, परजीवी आणि अचानक वाढलेली मरतूक यांची माहिती शेजाऱ्यांना आणि मत्स्यविभागाला त्याच दिवशी मिळायला हवी, कारण पाणी सर्वांचे एक असते. नॉर्वेत सॅमनवरच्या उवांची मोजणी शेतागणिक, आठवड्यागणिक कळवावी लागते आणि ती बॅरंट्सवॉच या संकेतस्थळाच्या नकाशावर कोणालाही पाहता येते. माशामागे प्रौढ मादी उवांची मर्यादा ०.५, आणि वसंतात जंगली पिल्ले समुद्राकडे निघतात त्या आठवड्यांत ०.२. उवांचा जंगली माशांवरचा परिणाम पाहून २०१७ पासून तिथे १३ उत्पादन-क्षेत्रांची वाढ हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांनी ठरते. मोठ्या कंपन्यांचा धंदा यामुळे बुडाला नाही. रोगाचा डेटा उघडा आणि बायोमासचा, खाद्याचा, कर्जाचा डेटा ज्याचा त्याच्याकडे. व्यवहारात बऱ्याचदा नेमके उलटे असते. शेतकऱ्याचे वजन आणि हप्ता कंपनीला रोज दिसतो, शेजारच्या तळ्यातला रोग मात्र कोणाला दिसत नाही.

एकट्याने ही कलमे बदलून घेणे अवघड आहे. दहा-पंधरा शेतांनी मिळून एकच मसुदा पुढे केला तर कंपनीचा स्थानिक अधिकारी तो वर पाठवतो. एकट्याचा मसुदा तो टेबलावरूनच परत करतो. गटाने दोन हातमीटर, एक चांगला काटा आणि सॅम्पलिंगला एक माणूस ठेवला तर खर्च विभागतो, आणि महिन्याच्या सरासरीवरून कोणाच्या तळ्यात ॲप किती चुकते हेही कळते.

सुरुवात दहाही तळ्यांवर करू नका. दोन तळ्यांवर एक हंगाम चालवा, आणि आकाराने, साठवणुकीने, बीजाच्या लॉटने तशीच दोन तळी जुन्या पद्धतीने ठेवा. काट्यावरचे वजन आणि पोत्यांची मोजणी यांवरून दोन्हींचा एफसीआर काढा. मजुरी, वीज, टोप्यांचा खर्च आणि बाजारापेक्षा खाद्याला किलोमागे जे जास्त मोजले तेही धरा, कारण 'फुकट' यंत्रणेची किंमत बहुधा तिथेच वसूल झालेली असते. पहाटेच्या ऑक्सिजनच्या इशाऱ्याने एक तळे जरी वाचले तरी हिशेब फिरतो, म्हणून तोही प्रामाणिकपणे जमेला धरा.

आणि उद्या सकाळीच करण्यासारखे एक काम: कंपनीच्या प्रतिनिधीकडे त्यांच्या चालू असलेल्या कोणत्याही एका तळ्याचा, नाव-गाव काढलेला, मागच्या सात दिवसांचा कच्चा डेटा नमुना म्हणून मागा. सीएसव्ही फाइल दोन दिवसांत आली, तर पुढची बोलणी करा. 'आमच्या सिस्टीममधून तसे निघत नाही' असे उत्तर आले, तर करार संपल्यावर तुमचाही निघणार नाही. मग सेन्सर स्वतःच्या पैशाने घ्या आणि खाद्याचा करार एका हंगामापुरताच करा.